‘नुसती कारागिरी’ या शिवीबद्दल

मराठी समीक्षेत काही शब्द असे आहेत, की ते उच्चारल्यावर पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. ‘कारागिरी’ हा त्यांतला एक. एखाद्या कवितेत ‘कारागिरी जाणवते’ असे म्हटले की कविता निकालात निघते. एखाद्या कादंबरीकाराला ‘कुशल कारागीर’ म्हटले की वरवर स्तुती होते आणि आतून त्याला पंक्तीतून उठवलेले असते. कारागिराला नेमके काय येते, ते त्याला कसे येते, आणि त्या येण्यात विचार किती असतो, हे प्रश्न विचारण्याची गरज या शब्दामुळे उरत नाही. प्रश्न टाळण्याच्या कामी येणारा शब्द समीक्षेची परिभाषा म्हणून मिरवतो, हे आम्हांला फार दिवस खटकत आले आहे.

म्हणून या लेखात हा शब्द आम्ही एका अशा कामाशेजारी ठेवून पाहणार आहोत, की ज्याला आमचे बहुतेक समीक्षक-मित्र क्षणाचाही विलंब न लावता ‘नुसती कारागिरी’ म्हणतील. ते काम म्हणजे युद्धनौकेची प्रमाणबद्ध प्रतिकृती कच्च्या मालापासून हाताने बांधणे. इंग्रजीत याला स्क्रॅच बिल्डिंग म्हणतात. बाजारात जहाजांचे तयार संच मिळतात. ‘बिस्मार्क’, ‘यामातो’, ‘मिसूरी’ अशी नावे असलेला खोका, त्यात साच्यातून काढलेले सुटे भाग, प्रत्येक भागाला क्रमांक आणि सोबत सूचनापत्र. स्क्रॅच बिल्डिंग करणाऱ्याकडे यातले काही नसते. पुठ्ठा, प्लायवूड, सागाची किंवा बांबूची पट्टी, प्लास्टिकचा पातळ पत्रा, तांब्याची तार, शिवणाचा दोरा, टाचण्या, काचपेपर आणि धारदार पाते एवढे त्याचे भांडवल. इंजेक्शनच्या सुईचा तुकडा तोफेची नळी होतो. बाकी सर्व त्याने ठरवायचे असते.

‘ठरवायचे’ हे क्रियापद आम्ही मुद्दाम वापरले आहे. कारागिरीवरचा मुख्य आरोपच असा, की तिच्यात ठरवायचे काही नसते, सगळे आधीच ठरलेले असते. या आरोपाचे सर्वांत प्रतिष्ठित रूप आपल्या वर्गांत कॉलिंगवुडच्या नावावर शिकवले जाते. ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ या 1938च्या ग्रंथात त्याने कला आणि कारागिरी यांची फारकत केली. कारागिराला काय करायचे ते आधी ठाऊक असते. आराखडा आधी, अंमलबजावणी नंतर. एका बाजूला कच्चा माल, दुसऱ्या बाजूला तयार वस्तू. कलावंताला मात्र आपल्याला काय म्हणायचे आहे, हे म्हणून होईपर्यंत कळत नाही. कॉलिंगवुड स्वतः इतका ढोबळ नव्हता. एकच वस्तू कला आणि कारागिरी दोन्ही असू शकते, हे त्याला मान्य होते. पण आपल्याकडे पोहोचला आणि रुजला तो त्याचा परीक्षेपुरता सारांश, आणि त्या सारांशाला कारागिराबद्दलचा आपला जुना तुच्छभाव आयताच येऊन मिळाला.

आता एक जहाज बांधायला घेऊ. मराठ्यांच्या आरमारातील गुराब.

आंग्र्यांच्या गुराबांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या त्या स्वारीत पेशव्यांचे सहकार्य होते, हे आपण जाणतोच. गुराबेचा बांधणी-आराखडाही प्रतिकृती करणाऱ्याच्या हाती येत नाही. हाती येतात ती वर्णने, आणि त्यांतले सर्वांत तपशीलवार वर्णन शत्रुपक्षाच्या इतिहासकाराचे आहे. रॉबर्ट ऑर्मने 1763 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात गुराबेवर एक परिच्छेद लिहिला. त्याचा आशय असा: गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत. पाण्यात फार खोल जात नाही. लांबीच्या मानाने बरीच रुंद, पण मध्यापासून पुढे निमुळती होत जाते. पुढे नेहमीच्या जहाजासारखा भरीव भाग नसून भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी बाहेर आलेली चोच. समोरून लाटा आल्या की अशी बांधणी जोराने गोते खाते, म्हणून चोचीवरच्या डेकला कठडा नाही, आलेले पाणी तसेच वाहून जावे. मुख्य डेकच्या पुढच्या टोकाला आडवी भिंत, तिच्यातल्या झरोक्यांतून तोंड काढून चोचीवरून मारा करणाऱ्या नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा.

इतिहासकार हा परिच्छेद उद्धृत करतो आणि पुढे जातो. कादंबरीकार त्याच्याही पुढे जातो. त्याच्या गुराबा डौलात निघतात, तोफा कडाडतात, फिरंगी गलितगात्र होतात. त्या तोफा डेकवर नेमक्या कुठे होत्या हे त्याला ठरवावे लागत नाही, कारण वाक्य अडत नाही. प्रतिकृती करणारा मात्र पहिल्याच दिवशी अडतो. ‘लांबीच्या मानाने बरीच रुंद’ म्हणजे किती? त्याला कण्यावर आडव्या फासळ्या बसवायच्या आहेत, आणि प्रत्येक फासळी पुठ्ठ्यातून वा प्लायवूडमधून कापायची आहे. पाते ‘बरीच’ कापू शकत नाही. ते अमुक मिलिमीटर कापते.

मग तो काय करतो? परिच्छेद पुन्हा वाचतो, आणि या वेळी एकेक वाक्य दुसऱ्या वाक्यावर घासून पाहतो. बारा पौंडी तोफ म्हणजे टनाच्या घरातले वजन. अशा दोन तोफा अगदी पुढे, जिथे जहाज निमुळते होत चालले आहे, तिथे शेजारी शेजारी उभ्या. बार उडाल्यावर तोफ मागे सरकणार, तेव्हा तिच्या मागे जागा हवी. दोन तोफांच्या मध्ये आणि बाजूंना गोलंदाजांना वावर हवा. म्हणजे आडव्या भिंतीपाशी डेकची रुंदी इतक्याहून कमी असू शकत नाही. पण तिथे इतकी रुंदी ठेवली, तर त्यापुढची चोच झपकन निमुळती करावी लागते. आणि इतके वजन पुढे असेल तर जहाज नाकावर झुकेल. लाटांत गोते खाण्याचा जो दोष ऑर्म नोंदवतो, त्याचे कारण केवळ चोचीच्या आकारात आहे की या तोफांच्या भारातही आहे? ऑर्मने हा प्रश्न विचारलेला नाही. तो परिच्छेदात दडलेला होता, आणि फासळी कापायची वेळ आली तेव्हा बाहेर पडला.

पुढची पायरी आणखी बोलकी आहे. फासळ्या बसवून झाल्या की त्यांवरून एक पातळ, लवचीक पट्टी कण्याला समांतर वाकवून धरतात. फासळ्या बरोबर असतील तर पट्टी सर्वांना टेकत एका ओघात वळते. एखादी फासळी उंच असेल तर तिथे पट्टीला कुबड येते. खोल असेल तर पट्टी तिला न शिवता वरून निघून जाते. अशा वेळी कागदावरचे माप खरे की पट्टी खरी? अनुभवी हात पट्टीचे ऐकतो, काचपेपर घेतो, आणि आकृतीत दुरुस्ती करतो. म्हणजे आराखडा अंमलबजावणीच्या आधी पुरा नव्हता, तो अंमलबजावणीत पुरा होत गेला. कॉलिंगवुडच्या सारांशात कलावंतासाठी राखून ठेवलेली जागा ती हीच. सुताराच्या ओट्यावर ती रोज असते.

याचा दुसरा निष्कर्ष इतिहासाला अधिक बोचणारा आहे. पश्चिम किनाऱ्यावरचे पारंपरिक जहाजबांधणारे कागदी आराखड्यावाचून, नजरेने, मापाच्या दोरीने आणि लाकडी साच्यांनी जहाजे बांधत आले. तेव्हा गुराबेचा आराखडा हरवला असे म्हणण्यापेक्षा तो कागदावर कधी नव्हताच, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. तो सुतारांच्या हातांत होता. आपल्या पाठ्यपुस्तकांना आंग्रे ठाऊक आहेत, गुराबा बांधणारे सुतार ठाऊक नाहीत. याच किनाऱ्यावर मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या वाडियांची नावे मात्र आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांच्या धन्याचे दप्तर राहिले. ब्रिटिश आरमाराची ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट त्यांनी सागवानात बांधली, ती 1817 साली मुंबईत पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे उभी आहे. तिचे लंडनहून निघालेले पहिले आराखडे ‘जावा’ या जहाजाबरोबर 1812 साली बुडाले, म्हणून दुसरी प्रत पाठवावी लागली. कागद बुडाला तरी दप्तरातून दुसरा निघतो. हात गेले की दुसरी प्रत मिळत नाही.

येथे आपल्या समीक्षेची गाठ तिला न आवडणाऱ्या गोष्टीशी पडते. ‘कारागीर’ हा शब्द मराठीत निव्वळ सौंदर्यशास्त्रीय नाही. सुतार, लोहार, कुंभार हे गावगाड्यातले बलुतेदार. हाताने करणारे एका बाजूला आणि शब्दाने जाणणारे दुसऱ्या बाजूला, ही विभागणी कॉलिंगवुडच्या कितीतरी शतके आधीपासून आपल्याकडे चालत आली आहे, आणि ती कोणाच्या सोयीची होती हे सांगायला नको. गोरा कुंभार, नरहरी सोनार, सावता माळी यांच्या अभंगांत त्यांच्या व्यवसायाची भाषा आली की आपण ‘प्रतिमासृष्टी’ म्हणून तिचे कौतुक करतो. ती भाषा प्रतिमा होण्यापूर्वी ज्ञान होती, हे मात्र क्वचितच नोंदवतो. साहित्याचे माध्यम कोणते, शब्द की अर्थ, यावर मर्ढेकरांनंतर आपल्याकडे भरपूर खल झाला. माध्यमाशी ज्याचा रोज झगडा चालतो त्याला या चर्चेत कोणी साक्षीला बोलावले नाही.

आता दुसरे जहाज. गुराबेच्या बाबतीत पुरावा तोकडा. ‘विक्रांत’च्या बाबतीत तो उदंड. छायाचित्रे आहेत, आराखडे आहेत, तीवर काम केलेली माणसे आहेत. आम्ही 2022 साली कोचीत नौदलात दाखल झालेल्या नव्या ‘विक्रांत’बद्दल बोलत नाही. बोलतो ते 1945 साली ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलिस’ नावाने पाण्यात उतरलेल्या, बेलफास्टमध्ये पुरी झालेल्या आणि 1961 साली भारतीय नौदलात आलेल्या विमानवाहू जहाजाबद्दल. येथे तरी नक्कल करणे सोपे असावे. मूळ समोर आहे, ते लहान करायचे.

पण कोणते मूळ? 1961 साली ‘विक्रांत’वर सी हॉक आणि आलिझे जातीची विमाने होती आणि ती वाफेच्या कॅटापुल्टने उडत. डिसेंबर 1971 मध्ये याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. 1980च्या दशकाच्या अखेरीस कॅटापुल्ट गेले, आणि सी हॅरियर विमानांसाठी डेकच्या पुढच्या टोकाला वर चढत जाणारा उतार बसवला गेला. 1997 साली जहाज निवृत्त झाले, पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभे राहिले. उताराचे डेक आणि त्यावर सी हॉक, अशी प्रतिकृती ज्याने केली त्याने कधीच नसलेले जहाज केले. दोन पाठांची भेसळ करून तिसराच पाठ तयार करावा, तसे. म्हणून जाणता माणूस आधी तारीख ठरवतो. ‘विक्रांत’ नव्हे, ‘डिसेंबर 1971ची विक्रांत’. मग प्रत्येक अँटेना, प्रत्येक होडीची जागा, रंगाची छटा त्या तारखेच्या छायाचित्राशी ताडून पाहतो. इतर वर्षांची छायाचित्रे टाकून देत नाही, पण त्यांना साक्षीदाराचा दर्जा देतो, निर्णायकाचा नाही.

आमच्या वाचकांना ही पद्धत ओळखीची वाटली पाहिजे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतील पाठ शुद्ध केले. भांडारकर संस्थेने 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या कामाला आपण विद्वत्ता म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. हाच विवेक पुठ्ठ्यावर आणि प्लास्टिकच्या पत्र्यावर चालला की त्याला ‘छंद’ का म्हणायचे?

नक्कल या आरोपाचे आणखी एक उत्तर गणितातच आहे. 213 मीटर लांबीची ‘विक्रांत’ एकास साडेतीनशे या प्रमाणात 61 सेंटिमीटरची होते. डेकच्या कडेच्या कठड्याचा चार सेंटिमीटर जाडीचा नळ याच प्रमाणात मिलिमीटरच्या नवव्या भागाएवढा उरतो. इतकी बारीक तार वळवून, जोडून, रंगवून ठेवणे जवळपास अशक्य. मग कठडा जाड करायचा की गाळायचा? जाड केला तर जहाज खेळण्यासारखे दिसते. गाळला तर ओकेबोके. प्रत्येक प्रतिकृतीत असे शेकडो निर्णय असतात: काय ठेवायचे, काय सुचवायचे, काय सोडायचे. वास्तवाशी इमान राखण्यासाठीच वास्तवात बदल करावा लागतो. वास्तववादी कादंबरीवर लिहिताना आपण हेच वाक्य मोठ्या गांभीर्याने लिहितो.

वजनाचेही तसेच. सुमारे सोळा हजार टनांचे जहाज शंभरपट लहान केले तर त्याचे वजन दशलक्षपट घटून सोळा किलो भरते. पाण्यात ते बरोबर रेषेपर्यंत बुडेल, पण त्याचे डोलणे मूळ जहाजाच्या दहापट घाईचे असेल. आकार, वजन आणि काळ एकाच पटीत लहान होत नाहीत. विल्यम फ्रूडने 1872 साली टॉर्कीजवळ पाण्याचा लांब हौद बांधून मेणाच्या प्रतिकृती ओढत नेल्या, त्या याच पटींचा हिशेब लावण्यासाठी. ब्रिटिश आरमाराने त्याचा खर्च उचलला. म्हणजे प्रतिकृती ही मुळाच्या मागून येते असेही नाही. युद्धनौका पोलादाची होण्याआधी मेणाची झाली होती.

लेव्ही-स्ट्रॉसने 1962च्या ‘ला पॉंसे सोवाज’मध्ये लघुप्रतिकृतीवर काही पाने लिहिली आहेत. आकार लहान झाल्यामुळे भागांआधी समग्राचे ज्ञान होते, आणि हाताने केलेली प्रतिकृती हा वस्तूवरचा खराखुरा प्रयोग असतो, असा त्याचा आशय. आपल्या वर्गांत या पुस्तकातला ‘ब्रिकोलर’ तेवढा शिकवला जातो, ही पाने सुटतात. यातले पहिले विधान पाहणाऱ्यापुरते खरे आहे. करणाऱ्याच्या वाट्याला उलटा क्रम येतो. फासळीमागून फासळी, भागांशी झटत तो समग्रापर्यंत पोहोचतो. दुसरे विधान मात्र करणाऱ्याला तंतोतंत लागू पडते.

एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. ही सारी युद्धाची हत्यारे आहेत. काचेच्या पेटीतल्या युद्धनौकेत प्रेते नसतात, जळालेल्या तेलाचा वास नसतो. असली सुबक वस्तू युद्धाला शोभिवंत करते. काही प्रतिकृतींच्या बाबतीत हे खरेच आहे. झगझगीत व्हार्निश, सोनेरी तोफा आणि भगवे रेशमी निशाण लावलेल्या शोभेच्या ‘मराठा जहाजां’बद्दल आम्हांला प्रेम नाही. त्यांत अनेकदा युरोपीय गॅलियनचाच उंच पार्श्वभाग असतो आणि अस्मिता तेवढी मराठी असते. पण 9 डिसेंबर 1971 रोजी ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. दीवच्या किनाऱ्यावरील स्मारकात काचेच्या घरात तिची प्रतिकृती आहे. जहाज समुद्राच्या तळाशी आहे. गेलेल्या माणसांच्या घरच्यांनी कुठल्या जिन्यावरून, कुठल्या दारातून त्यांचा माणूस ये-जा करीत असेल हे पाहायचे, तर आता या प्रतिकृतीतच. तिथे एखादे दार चुकीच्या जागी असणे ही कारागिरीची नव्हे, सचोटीची बाब आहे. ‘विक्रांत’चेही मूळ आता नाही. 2012 साली संग्रहालय बंद झाले, 2014 साली जहाज मोडीत निघाले, त्याचे काही पोलाद 2016 साली मोटारसायकलींत आले.

आता उलट बाजूने पाहू. तयार संचातून जहाज जोडणाऱ्याला आम्ही कमी लेखत नाही; पण त्याचे बहुतेक निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात. आपल्याकडच्या संशोधन-निबंधांपैकी किती संचातून जोडलेले असतात? पहिल्या प्रकरणात सिद्धान्ताचे भाग क्रमांकासह मांडायचे, दुसऱ्यात कादंबरी आणून तिचे तुकडे त्या खाचांत बसवायचे, न बसणारा तुकडा खोक्यात परत ठेवायचा. पट्टी लावून पाहण्याची वेळ येतच नाही, म्हणून कुबड दिसत नाही. गंमत अशी, की हे जोडकाम करणारेच दुसऱ्याच्या कवितेला ‘कारागिरी’ म्हणतात. आणि यावर उपाय म्हणून कोणी ‘देशी सिद्धान्त घ्या’ असे सुचवील, तर त्यालाही आमचा नकार आहे. देशी संच हाही संचच. स्क्रॅच बिल्डिंग करणारा प्लास्टिकचा पत्रा कुठल्या देशातून आला हे विचारत नाही. तो कापायचा कुठे, हे दुसऱ्याला ठरवू देत नाही.

प्रत्येक प्रतिकृती कलाकृती असते असा आमचा दावा नाही. तो सिद्ध करण्याची आम्हांला गरजही वाटत नाही. आमचे म्हणणे लहान आहे. कारागिरी हे ज्ञान आहे. ते साधनांशी झगडून, पुरावा तोलून, निर्णय घेऊन मिळते. ते कुणात आहे असे म्हणणे हा आरोप होऊ शकत नाही. कविता फसली असेल तर ती कुठे फसली ते दाखवा: कुठल्या ओळीत लय अडखळली, कुठला शब्द केवळ यमकासाठी आला, कुठे सांधा उघडा पडला. बहुतेक वेळा असे आढळेल, की तिथे कारागिरी जास्त झालेली नसून कमी पडलेली आहे.

आणि विद्यापीठांतल्या आमच्या मित्रांना एक व्यावहारिक सूचना. एम. ए.च्या पहिल्या सत्रात, संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवायच्या तासाला, ऑर्मचा तो परिच्छेद द्या. सोबत प्रत्येकाला एक पुठ्ठा, एक पट्टी आणि एक कात्री द्या. गुराबेची मधली फासळी कापायला सांगा, आणि कापलेल्या प्रत्येक वळणासाठी परिच्छेदातला कुठला शब्द आधाराला घेतला ते शेजारी लिहायला सांगा. तास संपेपर्यंत वर्गात वीस वेगवेगळ्या फासळ्या असतील. त्यांवर चर्चा सुरू होईल, तेव्हा वाचन सुरू झालेले असेल.